दोन रुपयांचा चेक आणि पट्टीत नसलेली ओळ



बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले की शेवटची दहा मिनिटं गप्पांची असतात. तेव्हा कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "ही बातमी बघितली का गं?" बातमी विचित्र असते. सगळ्या हसतात, "काय एकेक ऐकावं" म्हणतात आणि पदर खोचून घराकडे निघतात. मला मात्र अशा बातम्या जमवायची सवय लागली आहे. या अंकात त्यातल्या काही तुमच्यापुढे ठेवते. हसायला हरकत नाही, मीपण हसले. पण प्रत्येक बातमीत एक हिशोब आहे. त्या हिशोबात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, ते जरा थांबून बघू.

दोन रुपयांचा चेक

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा सोलापूरच्या बाजार समितीत नेला. सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास. वजन भरलं ५१२ किलो. भाव लागला किलोला एक रुपया. झाले ५१२ रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई असं सगळं मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले. उरले २ रुपये ४९ पैसे. चेक निघाला दोन रुपयांचा, वरचे ४९ पैसे गेले. आणि चेकवरची तारीख होती पंधरा दिवसांनंतरची. म्हणजे दोन रुपयेसुद्धा उधार!

ही बातमी देशभर गाजली. व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की माल हलक्या प्रतीचा होता. असेलही. पण हलका कांदा काय आपोआप उगवतो? त्याला पण रोप टाकावं लागतं, पाणी द्यावं लागतं.

मी ही बातमी एका गटात वाचून दाखवली. सगळ्या हसल्या. एक काकू हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कांदा कापला कुणी?"

मला आधी कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. काढलेल्या कांद्याची पात विळ्याने कापायची, जोड कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाजूला, मग पोती भरायची. हे काम बायकांचं. लावणी बायकांची. खुरपणी बायकांची. दिवसभर वाकून मान-पाठ एक होते. त्या ५१२ रुपयांत हमालाचे पैसे कापले, गाडीवाल्याचे कापले, काटेवाल्याचे कापले. कापणाऱ्या बाईचे कुठे आहेत?

हा प्रश्न मला आवडला. या लेखात पुढे जे काही आहे ते या काकूंच्या प्रश्नावरून सुचलेलं आहे.

आधी एक रुपया भाव का लागला ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय नुसतं चिडून उपयोग नाही. आपल्याकडे कांद्याचे तीन हंगाम: खरीप, लेट खरीप म्हणजे रांगडा, आणि रब्बी म्हणजे उन्हाळी. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. भाव नसेल तर थांबता येतं. खरीप आणि रांगडा टिकत नाही. त्यात पाण्याचा अंश जास्त, साल पातळ. काढला की आठ-पंधरा दिवसांत बाजार दाखवावाच लागतो. त्या वर्षीचा फेब्रुवारी कसा होता आठवतंय? दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सगळ्यांत उष्ण फेब्रुवारी. उन्हाने कांदा लवकर तयार झाला, सगळ्यांचा एकदम बाजारात आला. विकणारा थांबू शकत नाही हे घेणाऱ्याला माहीत असलं की भाव कोण ठरवणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुधाचं तेच, भाजीचं तेच.

आता पुढची गंमत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारला वाटलं की कांदा महाग होतोय, शहरातल्या लोकांना परवडणार नाही. म्हणून १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उघडली. फेब्रुवारीत किलोला एक रुपया मिळाला तेव्हा बाजाराचा नियम आहे म्हणून सांगितलं. भाव चढायला लागल्यावर मात्र बाजाराला नियम लावला. माझं मत विचाराल तर यात शहरातल्या ताईचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नाही. पण पडत्या भावाला जबाबदार कुणीच नाही आणि चढत्या भावाला लगेच उपाय, ही एकतर्फी माया आहे.

मध्ये राज्य सरकारने अनुदान दिलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे किलोला साडेतीन रुपये. त्या दहा पोत्यांच्या मापाने बघा: कांद्याचे ५१२ रुपये आणि अनुदान होतं १,७९२ रुपये. मालापेक्षा मदत साडेतीनपट! शाळेतल्या गणिताच्या पुस्तकात असं उदाहरण आलं असतं तर आपण म्हटलं असतं, छपाईची चूक आहे.

आणि हे अनुदान मिळालं कुणाला? ज्याच्या नावावर विक्रीची पट्टी आणि ज्याच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, त्याला. लावणी आपण केली, खुरपणी आपण केली, पण सातबाऱ्यावर आपलं नाव नसेल तर मदतीच्या यादीतही आपण नाही. या कांद्याच्याच मुलखात, नाशिक जिल्ह्यात चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं होतं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्याने आपल्या हयातीतच जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करावा. हजारो घरांनी केला. पुढे १९९२ साली राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लावता येतं. यासाठी वकील करून खरेदीखत करावं लागत नाही, तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. "आमचे हे करतील का अर्ज?" असं विचारू नका, ते तुम्हालाच ठाऊक! पण आपल्या गटात किती जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत हे एकदा मोजून बघा.

पट्टी वाचायला शिका

हिशोबपट्टी घरात येते, घडी घालून देवाच्या फोटोमागे जाते आणि तिथेच राहते. ती काढा आणि वाचा. वर मालाचं नाव, पोती, वजन, भाव, एकूण रक्कम. खाली कपाती. हमाली म्हणजे उतरवण्या-चढवण्याची मजुरी. तोलाई म्हणजे वजन करण्याची. मोटारभाडं म्हणजे गाडीचं, ते अडत्याने परस्पर दिलं असेल तर इथे कापतो. कधी बारदानाचे, कधी आगाऊ उचल घेतली असेल तर तिचे. एक ओळ मात्र बघून ठेवा: अडत. २०१६ पासून महाराष्ट्रात कांदा-बटाटा आणि फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची. तुमच्या पट्टीत ती दुसऱ्या कुठल्या नावाने कापली असेल, तर बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी घेऊन जा आणि विचारा. लेखी विचारा.

आता हमालीवर थोडं बोलायचंय, कारण दोन रुपयांची बातमी ऐकली की पहिला राग हमालावर निघतो. "शेतकऱ्याला दोन आणि हमालाला एवढे?" असं नका म्हणू. हमालाची ओळ पट्टीत आहे ती कुणाच्या मेहेरबानीने नाही. पूर्वी हमालालाही वाटेल ते हातावर ठेवायचे. माथाडी कामगार संघटित झाले, अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी लढा दिला, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. तेव्हापासून पोत्यामागे दर ठरतो आणि तो कागदावर लिहिला जातो. भाव एक रुपया असो की पन्नास, हमाली कापली जाते. काकूंनी विचारलेला प्रश्न याच्याच शेजारी ठेवून बघा. कांदा कापणं हे पोतं उचलण्यापेक्षा हलकं काम आहे का? तासन् तास विळा धरून बोटांना घट्टे पडतात, डोळ्यांतून पाणी येतं. फरक एवढाच की ते काम बांधावर होतं, घरचं म्हणून होतं आणि त्याची ओळ कुणी कधी छापलीच नाही.

मोघम हिशोब करून बघू. एकरी शंभर क्विंटल धरले तर पाच क्विंटल कांदा साधारण दोन गुंठ्यांत येतो. दोन गुंठ्यांची लावणी, दोन खुरपण्या, काढणी, कापणी, निवडणी मिळून बाईचे चार दिवस तरी जातात. कमी-जास्त असेल, तुम्ही तुमच्या रानाचा आकडा घाला. त्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ ला, महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. चार दिवसांचे झाले १,०२४. कांद्याच्या सगळ्या ५१२ रुपयांच्या बरोबर दुप्पट! यात खत नाही, रोप नाही, विजेचं बिल नाही, फवारणी नाही. तेव्हा "दोन रुपये मिळाले" ही बातमीसुद्धा चुकीचीच म्हणायची. आपली मजुरी धरली तर त्या घराने हजारावर रुपये वरून घातले आणि मग दोन रुपयांचा चेक घेतला.

याच्या आधी, २०१८ साली, निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले होते. त्याने ते सगळे पंतप्रधानांच्या मदतनिधीला मनीऑर्डरने पाठवून दिले आणि वर मनीऑर्डरचे ५४ रुपये पदरचे भरले. मला हा माणूस फार आवडतो.

लग्न झालं की देशाचं उत्पन्न घटतं

आता तुम्हाला वाटेल की हे शेतापुरतं आहे. नाही. अर्थशास्त्रात एक जुना चुटका आहे. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिला होता. समजा एका माणसाकडे पगारावर घर सांभाळणारी बाई आहे. ती स्वयंपाक करते, धुणी-भांडी करते, तिला महिन्याला पैसे मिळतात. तो पगार देशाच्या उत्पन्नात मोजला जातो. उद्या त्या माणसाने तिच्याशीच लग्न केलं. तीच बाई, तोच स्वयंपाक, तीच भांडी. पण आता पगार नाही, म्हणून देशाचं उत्पन्न तेवढं कमी झालं! म्हणजे लग्नाची मिठाई वाटायची आणि सरकारने शोक करायचा.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाली, "म्हणजे आम्ही सगळ्यांनी एकमेकींच्या घरी कामाला जायचं आणि एकमेकींना पगार द्यायचा, की झाला देश श्रीमंत?" कागदावर, हो. अगदी तसंच होईल.

सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली की लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. मुलांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजलाय. आकडा वाचून नवल वाटलं नाही ना? मला पण नाही. नवल एवढंच की आपल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं आणि मोजायला मात्र पाहणी लागली.

टिकली माफ, पॅडवर कर

कांद्याच्या पट्टीत बाईचं काम लिहिलेलं नाही. आता करांच्या यादीत बाईची गरज कशी लिहिली होती ते बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कुंकू, टिकली, सिंदूर, आळता, काचेच्या बांगड्या यांना कर शून्य. चांगलं झालं. सॅनिटरी पॅडला मात्र १२ टक्के! यादी करणाऱ्यांच्या लेखी टिकलीवाचून बाईचं अडतं, पॅडवाचून नाही. देशभर बायकांनी आवाज उठवला, कोर्टात अर्ज गेले, आणि एक वर्षाने, जुलै २०१८ मध्ये, पॅडवरचा कर शून्य झाला.

मग पाकीट १२ टक्क्यांनी स्वस्त झालं का? तसं नाही होत, आणि यातलं कारण पॅड बनवणाऱ्या आपल्या गटांनी नीट समजून घ्यावं. पॅड बनवायला कापूस, कागद, प्लास्टिकचा पापुद्रा, गोंद लागतो. या कच्च्या मालावर कर भरावा लागतो. तयार मालावर कर असेल तर कच्च्या मालावर भरलेला कर त्यातून वजा करून घेता येतो. तयार माल करमाफ झाला की ही वजावट बंद. कच्च्या मालावरचा कर मग किमतीतच मुरतो. म्हणून "कर शून्य" असं लिहिलेलं दिसलं तरी त्या वस्तूत कर अजिबात नाही असं समजू नका. तरीसुद्धा मी म्हणेन, माफी मिळाली ते बरंच झालं.

करांच्या याद्यांत अशा गमती खूप आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तिथे मक्याच्या लाह्यांवर खुलासा निघाला: मीठ-मसाल्याच्या सुट्या लाह्यांना ५ टक्के, त्याच पाकीटबंद केल्या तर १२, आणि साखरेच्या पाकातल्या असतील तर १८. जत्रेतल्या लाहीवाल्याने हे ऐकलं असतं तर तो कढई उलटी घालून घरी गेला असता. पुढे सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा खाऱ्या लाह्या सुट्या असोत की पाकीटबंद, दोन्ही ५ टक्क्यांत आल्या.

गोल पापड, चौकोनी पापड

हा किस्सा आपल्या कामाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या उद्योगपतींनी ट्विटरवर लिहिलं की गोल पापडाला जीएसटी नाही आणि चौकोनी पापडाला आहे, यामागचं तर्कशास्त्र मला कुणी तरी समजावून सांगा. लोकांनी ते इतकं फिरवलं की शेवटी केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला: पापड कुठल्याही नावाने ओळखला जावो, त्याला जीएसटी माफ आहे, आकाराचा काही संबंध नाही. म्हणजे बातमी खोटी होती. पण लोकांना ती चटकन खरी वाटली, कारण पॅड-टिकलीसारखं खरोखर घडलेलं सगळ्यांना आठवत होतं.

यातून आपल्यापुरतं एवढं घ्या. पापडाला कर नाही. नुसता करमाफ माल विकणाऱ्या गटाला जीएसटी नोंदणीची गरज नाही. कर लागणारा माल विकत असाल तरी आपल्या राज्यातल्या राज्यात वर्षाची विक्री ४० लाखांपर्यंत असेल तर वस्तूंसाठी नोंदणी सक्तीची नाही. राज्याबाहेर पाठवायचा असेल तर मात्र नियम वेगळे, तेव्हा आधी विचारा. कुणी एजंट गटात येऊन "जीएसटी नंबर काढा, नाहीतर दंड होईल, पाच हजार द्या" म्हणाला तर त्याला बसवून चहा पाजा आणि पैसे मात्र देऊ नका. सीआरपी ताईला फोन करा.

आता आपली पट्टी

इथपर्यंत आपण दुसऱ्यांच्या हिशोबाला हसलो. आता आपल्या गटाच्या वहीकडे येऊ. समजा, पाच जणींनी उडदाचे पापड केले. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. पाच किलो डाळ ६५० रुपये. पापडखार, मिरी, हिंग, मीठ, तेल १५०. दळण ४०. पिशव्या, लेबल ६०. झाले ९००. पापड भरले साडेपाच किलो. किलोला २४० ने विकले, आले १,३२०. वहीत आपण लिहितो: नफा ४२० रुपये. टाळ्या!

थांबा. पाच जणींनी किती वेळ दिला? पीठ मळणं, कुटणं, लाट्या, लाटणं, वाळवणं, मोजणं, पाकिटं भरणं. प्रत्येकीचे पाच तास धरा, मिळून पंचवीस तास. ४२० भागिले २५. तासाला १६ रुपये ८० पैसे. २०२५-२६ च्या दराने रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये आहे, आठ तासांनी भागली तर तासाला ३९. म्हणजे पापड लाटण्यापेक्षा खडी फोडायला गेलो असतो तर दुपटीहून जास्त मिळाले असते. आणि वहीत लिहिलंय नफा.

हा नफा नाही हो. ही आपलीच मजुरी आहे, अर्ध्याहून कमी दिलेली, आणि नाव बदलून नफ्याच्या रकान्यात लिहिलेली. तो सोलापूरचा अडत्या तरी बरा, त्याने कागदावर दोन रुपये म्हणून लिहून दिलं.

बैठकीत हे मांडलं की लगेच दोन आवाज येतात. पहिला: "घरचंच तर काम आहे, त्याचे काय पैसे लावायचे?" यावर वर एवढं लिहून झालं, परत लिहीत नाही. दुसरा आवाज खरा अवघड आहे: "मजुरी धरली तर किलोचा भाव ३४१ वर जातो, घेणार कोण?" हो, ९०० अधिक पंचवीस तासांचे ९७५, भागिले साडेपाच, ३४१ येतात. आणि शेजारच्या गावातला गट २३० ला द्यायला तयार असतो. ३४१ चा बोर्ड लावा आणि पापड संपतील असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते खोटं होईल.

पण मजुरीची ओळ लिहिली की बाकीचे निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतात. पंचवीस तासांतले सगळ्यात जास्त तास कशात जातात? कुटण्यात जात असतील तर मळायच्या यंत्राचं कर्ज काढायचं की नाही, याचं उत्तर वहीतच मिळतं. मोठी ऑर्डर आली आणि समोरचा २१० वर अडून बसला, तर नाही म्हणायचं कुठे ते कळतं. लग्नसराईत, दिवाळीत कोणत्या मालाला तासाला जास्त सुटतात हेही दिसतं. काही गटांच्या बाबतीत मला वाटतं, उत्तर असं येईल की पापड बंद करा आणि चटण्या करा. ते उत्तरसुद्धा चालेल. आणि शेजारच्या गावचा २३० वाला गट आपल्याच प्रभागसंघात आहे. त्याही तायांना हाच हिशोब दाखवला, तर आपण एकमेकींचा भाव पाडायचं थांबवू शकतो. एका गटाने हे होणार नाही.

हे कुणी केलंच नाही असंही नाही. लिज्जत पापड तुम्ही खाल्ला असेल. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तिथून ती संस्था उभी राहिली. तिथे काम करणाऱ्या बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात, लाटून आणतात आणि किलोमागे पैसे घेतात. त्या मजुरीला त्यांच्यात वणाई म्हणतात. डाळ, हिंग, खार यांच्यासारखाच वणाई हा पापडाचा खर्च आहे. ती आधी द्यायची आणि नफा-तोटा नंतर बघायचा.

प्रभागसंघाने ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून विक्री करणाऱ्या सगळ्या गटांच्या वहीत कच्चा माल, दळण, पॅकिंग, भाडं यांच्याखाली आणखी एक ओळ आखायची. नाव "वणाई" ठेवा, "मजुरी" ठेवा, "आपले तास" ठेवा. भिंतीवरच्या घड्याळात बघून कामाला बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची, मध्ये भाकरी टाकायला उठलात तर तेवढा वेळ वजा. महिनाभराची पानं घेऊन मासिक बैठकीला या. दिवाळीच्या स्टॉलचे भाव त्याच बैठकीत, सगळ्या गटांनी मिळून ठरवायचे आहेत. कांदा लावणाऱ्या घरांतल्या तायांनी येताना मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या देवाच्या फोटोमागून काढून आणाव्यात, अडतीची ओळ तिथेच बसून तपासू.